शोभिवंत माशांचे जिवंत खाद्य : नाल्यातले की जोपासलेले?

उत्तर कोलकात्यात बागबाजारलगत गॅलिफ स्ट्रीटवर दर रविवारी पाळीव प्राण्यांचा बाजार भरतो. पक्षी, रोपे, मासे आणि माशांसाठी लागणारे बहुतेक सारे साहित्य तेथे मिळते. मासे विकणाऱ्यांच्या आसपास उथळ थाळ्यांत लालसर, लवलवणारे गोळे मांडलेले दिसतात. दुरून पाहणाऱ्यास तो एकच सजीव भासतो. बोट लावले की गोळा आकसतो आणि तो केसासारख्या असंख्य कृमींचा पुंजका असल्याचे ध्यानात येते. हे ट्युबिफेक्स. शोभिवंत मत्स्यपालनात पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाणारे, स्वस्त, माशांना अतिशय आवडणारे, आणि बहुतांशी सांडपाण्याच्या नाल्यांतून व कालव्यांतून गोळा केलेले खाद्य.

घरातील काचेच्या टाकीसाठी मासा निवडताना ग्राहक अर्धा तास खर्च करतो. खाद्य मात्र दुकानदार जे हाती देईल ते घेऊन निघतो. मासा मेला की दोष पाण्याला, फिल्टरला किंवा विक्रेत्याला दिला जातो. खाद्याकडे संशयाने क्वचितच पाहिले जाते, आणि पाहिले तरी विचारला जाणारा प्रश्न ‘कोणते खाद्य चांगले?’ एवढाच असतो. त्याआधी दोन प्रश्न विचारले जाणे आवश्यक आहे : हा मासा कसा खातो, आणि जे खाद्य त्याला द्यायचे ते स्वतः काय खाऊन वाढले? पहिल्या प्रश्नाची उत्तरे मत्स्यशास्त्राच्या पुस्तकांत सहज मिळतात. दुसरा प्रश्न जवळजवळ कोणी विचारत नाही, आणि आपल्याकडील शोभिवंत मत्स्यव्यवसायाची एक मोठी कमकुवत बाजू नेमकी तेथेच आहे.

ट्युबिफेक्सच्या जोडीने विकली जाणारी दुसरी लाल वस्तू म्हणजे ब्लडवर्म. विक्रेते आणि ग्राहक दोघेही या दोहोंना सरसकट ‘वर्म’ म्हणतात. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने त्यांचा परस्परांशी संबंध नाही. ट्युबिफेक्स हा गांडुळाचा नातलग. तो डोके गाळात खुपसून शेपटीकडील भाग पाण्यात हलवत राहतो. ब्लडवर्म ही कायरोनोमस गटातील, डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माशीची अळी. तिला स्पष्ट डोके असते, छातीखाली आखूड पायांसारखे अवयव असतात, आणि पाण्यात सोडली की ती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वळवळते. दोघांचा लाल रंग मात्र एकाच कारणाने येतो : शरीरात हिमोग्लोबिन असते. कीटकांमध्ये ही गोष्ट दुर्मीळ आहे. गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो. तेथे टिकून राहण्यासाठी या अळीने ही सोय केली आहे.

या सोयीतच खाद्य म्हणून त्यांचा धोका दडलेला आहे. जेथे इतर जलचर तग धरू शकत नाहीत अशा कुजट, प्राणवायूहीन, सेंद्रिय घाणीने भरलेल्या गाळात हे जीव विपुल वाढतात. म्हणूनच जलप्रदूषणाचे सर्वेक्षण करणारे शास्त्रज्ञ त्यांच्या संख्येवरून पाण्याची अवस्था ओळखतात. ज्या प्राण्याची दाटी प्रदूषणाची खूण मानली जाते, तोच प्राणी काचेच्या टाकीत पौष्टिक खाद्य म्हणून सोडला जातो, हा विरोधाभास पुरेसा बोलका आहे. गाळ खाऊन वाढलेल्या कृमीच्या आतड्यात गाळातील जिवाणू असतात आणि ऊतींमध्ये गाळातील जड धातू साचलेले असू शकतात.

अनुभवी पालक ट्युबिफेक्स एक-दोन दिवस वाहत्या पाण्यात ठेवतात, मेलेले भाग काढून टाकतात, काही जण पोटॅशियम परमँगनेटच्या अतिसौम्य द्रावणातून ते काढतात. हा उपाय निरर्थक नाही. आतडे रिकामे होते, बाहेरील जिवाणूंचा भार घटतो. परंतु ऊतींत मुरलेले शिसे वा कॅडमियम नळाखाली धरून निघत नाही. ट्युबिफेक्स वाळवून त्याचे चौकोनी तुकडे केल्यानेही ते निघत नाही, उलट पाणी गेल्यामुळे प्रत्येक ग्रॅममागे त्याचे प्रमाण वाढते. वाळवलेल्या खाद्याला ‘सुरक्षित’ म्हणताना जिवाणू व परजीवींविषयी बोलले जात असते, धातूंविषयी नाही, हा भेद पाकिटावर कोठेही लिहिलेला नसतो.

परजीवींचा मुद्दा थोडा सबुरीने मांडावा लागतो. ट्राउट माशांना होणाऱ्या ‘गरगर’ रोगाचा परजीवी आपले अर्धे जीवनचक्र ट्युबिफेक्समध्ये पूर्ण करतो, हे 1980 च्या दशकात सिद्ध झाले आणि तेव्हापासून ट्युबिफेक्सचे नाव काढले की हा रोग सांगितला जातो. तो थंड पाण्यातील ट्राउट-सामन कुळाचा रोग आहे; कोलकात्यातील वा चेन्नईतील गप्पीला त्याची भीती नाही. तथापि त्याच गटातील इतर परजीवींचे मध्यस्थ यजमानही असे गाळातील कृमी असतात, आणि गोल्डफिशच्या मूत्रपिंडाला सूज आणणारा परजीवी त्यांपैकीच एक आहे. म्हणजे धोका खरा आहे, त्यासाठी दिले जाणारे उदाहरण मात्र बहुधा चुकीचे असते.

ब्लडवर्मबाबत आणखी एक गोष्ट पालकांना फारशी ठाऊक नसते. कायरोनोमसचे हिमोग्लोबिन हे माणसासाठी प्रभावी ॲलर्जीकारक आहे. वाळवलेल्या ब्लडवर्मचा चुरा हाताळणाऱ्यांना शिंका, डोळ्यांची जळजळ, अंगावर गांधी आणि काहींना दमाही होतो. लहान मुलांनी रोज हाताने हे खाद्य घालणे टाळावे, आणि ज्यांच्या घरी दम्याचा रुग्ण आहे त्यांनी ते आणूच नये.

एवढे असूनही पालक हे खाद्य सोडत नाहीत, आणि त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. जिवंत खाद्यावर माशांची जोडी लवकर अंड्यावर येते, आजारातून उठलेला मासा कोरड्या दाण्याकडे पाहत नाही पण हलणाऱ्या अळीवर झडप घालतो, आणि नुकत्याच पोहू लागलेल्या पिल्लांना तर हालचाल दिसल्याखेरीज खाद्य हे खाद्य वाटतच नाही. हावडा आणि उत्तर चोवीस परगणा जिल्ह्यांत घराच्या अंगणातील सिमेंटच्या टाक्यांत मासे वाढवणाऱ्या कुटुंबांसाठी, किंवा चेन्नईच्या कोळत्तूर भागातील रंगीत माशांच्या पैदासकारांसाठी, जिवंत खाद्य हा चैनीचा विषय नाही. त्यावर पिल्लांच्या जगण्याचा आणि पर्यायाने घराच्या मिळकतीचा हिशेब अवलंबून असतो. तेव्हा जिवंत खाद्य हवेच, फक्त ते नाल्यातले नको.

तोंड, आतडे आणि पाणी

नाल्याला पर्याय शोधण्यापूर्वी माशाकडे पाहावे लागते. फायटर आणि गुरामी यांचे तोंड वर वळलेले असते. पृष्ठभागावर पडलेला कीटक टिपण्यासाठी ते घडले आहे. तळाशी बुडणारी गोळी त्यांच्या दृष्टीने नसल्यासारखीच. कोरिडोरासचे तोंड खाली असते आणि मिशा गाळ चाचपतात. वर तरंगणारे पापुद्रे खाऊन वरचे मासे गब्बर होतात आणि कोरिडोरास ‘उरलेसुरले खातो’ या गैरसमजापायी उपाशी राहतो. सकर माशाचे आतडे गुंडाळलेल्या दोरीसारखे लांब असते, कारण शेवाळ आणि वनस्पतिजन्य पदार्थ पचायला वेळ लागतो. त्याला केवळ प्रथिनयुक्त खाद्य देणे म्हणजे गाईला मांस घालण्यासारखे आहे. उकडलेल्या काकडीची वा दोडक्याची चकती त्याला अधिक मानवते.

गोल्डफिशला जठरच नसते. कार्प कुळातील इतर माशांप्रमाणे त्याचे अन्न घशातील दातांनी चिरडले जाऊन थेट आतड्यात जाते. साठवण करण्याची पिशवीच नसल्यामुळे दिवसातून एकदा भरपूर खाद्य घालण्यापेक्षा दोन-तीन वेळा थोडे घालणे त्याला सोसते. दुसऱ्या टोकाला डिस्कस. त्याला सस्तन प्राण्यांच्या हृदयाचे मांस खाऊ घालण्याची पद्धत पैदासकारांत आहे. वाढ झपाट्याने होते हे खरे, पण त्या मांसातील चरबी पाण्याच्या तापमानाला घट्ट राहते आणि तळाशी उरलेला चुरा काही तासांत पाणी नासवतो. अरोवानासारख्या मोठ्या शिकारी माशांना स्वस्त गोल्डफिश खाऊ घालण्याचीही हौस आढळते. कच्च्या गोल्डफिशमध्ये थायमिन या जीवनसत्त्वाचा नाश करणारे विकर असते, त्यामुळे महिनोन्‌महिने त्यावर वाढलेला अरोवाना पोटभर खाऊनही कुपोषित राहू शकतो.

अरोवानासाठी घरातील झुरळे पकडून टाकणारेही अनेक आहेत. निसर्गात हा मासा पाण्याबाहेर उडी मारून फांदीवरील कीटक पकडतो, तेव्हा कीटक हे त्याचे स्वाभाविक अन्न आहे यात वाद नाही. पण शहरी घरातील झुरळाने गेल्या आठवड्यात काय खाल्ले हे कोणास ठाऊक? झुरळांसाठी लावल्या जाणाऱ्या जेलमध्ये फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असते, आणि फिप्रोनिल माशांना फारच विषारी आहे. डासांसाठी भिंतीत लावायची यंत्रे, अगरबत्त्या आणि फवारे यांतील पायरेथ्रॉइडे तर माशांसाठी त्याहूनही घातक. टाकीत हवा सोडणारा पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात घालतो, ही साधी गोष्ट विसरली जाते. फवारणीच्या वेळी टाकी झाकलेली हवी, पंप बंद हवा, आणि खोली मोकळी झाल्यावरच तो सुरू करायला हवा.

खाद्य जास्त झाले की काय होते, याचा एक सोपा हिशेब मांडता येतो. प्रथिनांत सुमारे 16 टक्के नत्र असते. 40 टक्के प्रथिने असलेले एक ग्रॅम खाद्य न खाता टाकीच्या तळाशी कुजले, तर त्यातून सुमारे 64 मिलिग्रॅम नत्र सुटते. पन्नास लिटरच्या टाकीत ते प्रतिलिटर 1.3 मिलिग्रॅमच्या घरात जाते. हा अमोनिया किती विषारी ठरेल हे पाण्याचा सामू आणि तापमान ठरवते. तापमान 30 अंश आणि सामू 7 असताना त्यातील एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो; सामू 8 झाला की तोच भाग सात-आठ टक्क्यांवर जातो. कूपनलिकेचे जड पाणी वापरणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. त्यात उन्हाळ्याची भर पडते. पाणी 20 अंशांवर असताना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 30 अंशांवर साडेसातच्या आसपास. म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत टाकीचे पाणी कमी श्वास देते आणि जास्त विष करते. मासा थंड रक्ताचा आहे. शरीर उबदार ठेवण्यासाठी त्याला अन्न जाळावे लागत नाही. निरोगी प्रौढ माशाला आठवड्यातून एक दिवस उपास घडला तर त्याचे काहीच बिघडत नाही.

पाकिटावरचे आकडे

जिवंत खाद्याची धास्ती वाटणारे पालक बंद पाकिटाकडे वळतात, आणि बहुसंख्य घरगुती टाक्यांसाठी तो निर्णय योग्यच आहे. चांगल्या प्रतीचे, माशाच्या सवयीप्रमाणे तरंगणारे किंवा बुडणारे दाणेदार खाद्य हा मुख्य आहार असावा आणि जिवंत खाद्य हा पूरक. पण पाकीट वाचण्याची सवय आपल्याकडे नाही. पुष्कळ दुकानांत तर पाकीटच नसते. मोठ्या पोत्यातील खाद्य साध्या पिशव्यांत भरून विकले जाते, त्यावर ना घटक असतात ना तारीख. बहुतेक माशांना क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवता येत नाही. ते कमी पडले की पाठीचा कणा वाकतो, जखमा भरत नाहीत. आणि हेच जीवनसत्त्व उष्णता, ओलावा व हवा यांनी सर्वांत लवकर नष्ट होते. पाण्यात पडलेल्या पापुद्र्यातून तर ते काही मिनिटांतच झिरपू लागते. खाद्यातील तेल खवट होते ते वेगळेच. कोकणात किंवा बंगालमध्ये पावसाळ्यात उघड्या पोत्यात महिनाभर राहिलेल्या खाद्यात प्रथिने तेवढीच राहतील, पोषण मात्र राहणार नाही. दीड-दोन महिन्यांत संपेल एवढेच लहान बंद पाकीट घ्यावे आणि कोरड्या, थंड जागी ठेवावे.

प्रथिनांच्या आकड्याचा मोह आवरणेही गरजेचे आहे. प्रौढ गोल्डफिशला 30 टक्क्यांच्या आसपास प्रथिने पुरतात. वाढत्या पिल्लांना आणि मांसाहारी माशांना त्याहून अधिक लागतात हे खरे, परंतु जास्तीची प्रथिने माशाच्या अंगी लागत नाहीत. ती अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे पाण्यात येतात. रंगाच्या बाबतीतही असेच. लाल-पिवळी रंगद्रव्ये माशाला स्वतः घडवता येत नाहीत, ती आहारातूनच यावी लागतात. झेंडूच्या पाकळ्यांत ल्युटिन असते, स्पिरुलिनात झिॲझॅन्थिन. गोल्डफिश झिॲझॅन्थिनपासून लाल ॲस्टॅझॅन्थिन बनवू शकतो. खाद्याचा दाणा स्वतः भडक लाल आहे यावरून मात्र काहीच सिद्ध होत नाही; तो रंग ग्राहकासाठी असतो. संप्रेरके देऊन अकाली रंगवलेले मासे बाजारात येतात, घरी आल्यावर काही आठवड्यांत फिके पडतात, आणि मालक बिचारा ‘रंग वाढवणारे’ खाद्य शोधत फिरतो.

कीटकांचे खाद्य, आणि त्याविषयीचा उत्साह

अलीकडे मत्स्यखाद्यात कीटकांचा बोलबाला आहे. युरोपीय संघाने 2017 मध्ये काही कीटकांपासून मिळवलेली प्रथिने मत्स्यशेतीच्या खाद्यात वापरण्यास मान्यता दिली आणि तेव्हापासून काळ्या सैनिकी माशीच्या अळीचे नाव भारतातही सर्वतोमुखी झाले. कीटकशास्त्राला या निमित्ताने मिळालेली प्रतिष्ठा सुखावणारी आहे, पण उत्साहाच्या भरात काही गोष्टी बोलल्या जात नाहीत, आणि त्या कीटकशास्त्रज्ञांनीच बोलायला हव्यात.

खाद्यातील प्रथिने प्रत्यक्ष मोजली जात नाहीत; नत्र मोजून त्याला 6.25 ने गुणले जाते. कीटकांच्या अंगावरील कायटिनमध्येही नत्र असते, पण ते प्रथिन नव्हे. सैनिकी माशीच्या आणि पिठातील अळ्यांच्या अभ्यासातून संपूर्ण अळीसाठी हा गुणक 4.76 च्या जवळ असावा असे दिसून आले आहे. म्हणजे जुन्या गुणकाने ‘40 टक्के प्रथिने’ ठरलेल्या अळीच्या पिठात खरी प्रथिने 30 टक्क्यांच्या आसपासच असतात. ही फसवणूक म्हणता येत नाही, पण मोजमापाची जुनी पद्धत नव्या पदार्थाला बसत नाही, हे उघड आहे.

दुसरी गोष्ट चरबीची. सैनिकी माशीच्या चरबीत लॉरिक आम्ल भरपूर असते, आणि सागरी माशांना आवश्यक असणारी लांब साखळीची ओमेगा-3 आम्ले नगण्य असतात. गोड्या पाण्यातील पुष्कळ मासे ही आम्ले काही प्रमाणात स्वतः तयार करू शकतात, त्यामुळे गप्पी, गोल्डफिश, बार्ब यांच्या आहारात या पिठाला चांगले स्थान आहे. क्लाऊनफिशसारख्या सागरी माशांसाठी ते एकटे पुरणार नाही. रेशीम उत्पादनात भारत जगात दुसऱ्या क्रमांकावर आहे आणि धागा काढल्यावर उरणारे कोष हे प्रथिनांचे हाताशी असलेले भांडार आहे. त्यांतील तेल मात्र फार लवकर खवट होते. तेल काढून, ताजेपणी वाळवून वापरले तरच त्यांचा उपयोग. रीळ केंद्राबाहेर ढिगात पडलेले कोष आणून कुटून टाकणे हे खाद्यनिर्मितीचे नव्हे, विल्हेवाटीचे काम आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सैनिकी माशीची अळी कचऱ्यावर वाढते, म्हणून ती पर्यावरणस्नेही. पण ती ज्यावर वाढते त्यात कॅडमियम असेल तर ते तिच्या शरीरात साचते. शहरातील न वेचलेल्या मिश्र कचऱ्यावर पोसलेली अळी आणि नाल्यातील ट्युबिफेक्स यांत मग फारसे अंतर उरत नाही. एकाला आधुनिक नाव मिळाले, दुसऱ्याला नाही, इतकेच. कारखान्यातील भाजीपाल्याचे अवशेष, कोंडा, फळांचा चोथा अशा ज्ञात माध्यमावर वाढलेली अळी वेगळी. पाकिटावर ‘कीटक प्रथिने’ एवढे लिहून भागणार नाही. कीटक कशावर वाढवला हेही लिहिले जाणे अत्यावश्यक आहे.

डासांच्या अळ्यांविषयीही येथेच सांगणे योग्य. फायटर आणि गप्पी यांच्यासाठी याहून रुचकर खाद्य शोधून सापडणार नाही, आणि म्हणून गच्चीवर बादलीत पाणी साठवून अळ्या ‘पिकवणारे’ हौशी पालक सर्व शहरांत आहेत. उष्ण हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला जेमतेम आठवडा ते दहा दिवस लागतात. चार-पाच दिवस गावाला गेलेला पालक परत येतो तेव्हा बादलीतील पीक शेजाऱ्यांच्या घरी पोहोचलेले असते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिसची अंडी कोरड्या बादलीच्या कडेला महिनोन्‌महिने तग धरतात, त्यामुळे पाणी ओतून दिल्याने विषय संपत नाही. नगरपालिकेच्या टाकीतून वा डबक्यातून अळ्या गोळा कराव्यात तर तेथे अळीनाशक टाकलेले असण्याची शक्यता. डेंग्यूच्या देशात घरोघरी डासपैदास हा माशांसाठी मोजण्याजोगा मोबदला नव्हे. गंमत अशी की ज्या गप्पीसाठी हा खटाटोप चालतो, तीच गप्पी डासनियंत्रणासाठी विहिरी-हौदांत सोडली जाते. गंबुशिया या दुसऱ्या परदेशी माशालाही 1928 मध्ये याच कामासाठी भारतात आणले गेले. बंद हौदात त्यांचा उपयोग समजण्यासारखा आहे. ओढ्या-तळ्यांत सोडल्यावर ते बेडकांच्या आणि स्थानिक माशांच्या पिल्लांवर ताव मारतात. पश्चिम घाटाच्या ओढ्यांतील पॅनचॅक्स हा मासा अळ्या तितक्याच आवडीने खातो, आणि तो येथलाच आहे.

नाल्याला खरा पर्याय कीटकांपेक्षाही लहान कवचधारी जीवांत आहे. आर्टेमियाची सुकी अंडी मिठाच्या पाण्यात, 28 अंशांच्या सुमारास, प्रकाश व हवा देत ठेवली की 24 तासांत अर्ध्या मिलिमीटरहून लहान पिल्ले बाहेर पडतात. एंजलच्या पोहू लागलेल्या पिल्लांच्या तोंडात ती बरोबर बसतात. गुरामीच्या पिल्लांना मात्र पहिले काही दिवस त्याहून सूक्ष्म खाद्य लागते. फुटलेली कवचे पिल्लांच्या आतड्यात अडकतात, म्हणून हवा बंद करून दिव्याकडे जमा झालेली पिल्लेच शोषून घ्यावी लागतात. ती ताजी असतानाच खाऊ घालावीत. काही तासांनी त्यांचा अंगभूत बलक संपू लागतो आणि गोड्या पाण्यात ती फार वेळ जगतही नाहीत. जगभर खपणाऱ्या अंड्यांचा मोठा भाग अमेरिकेतील ग्रेट सॉल्ट लेकमधून येतो. आर्टेमिया आपल्याकडे थूथुकुडीच्या मिठागरांत आणि सांभर सरोवरातही आढळतो, तरी पैदासकार आयात डब्यावरच अवलंबून आहे.

मोइना त्याहून सोयीचा. गोड्या पाण्यातील हा जलपिसू उष्णता सोसतो, चार-पाच दिवसांत प्रजननक्षम होतो, मादी नराशिवाय पिल्ले देत राहते, आणि टाकीत सोडलेला मोइना खाल्ला जाईपर्यंत जिवंतच असतो, त्यामुळे पाणी नासत नाही. हिरवे पाणी, थोडे यीस्ट किंवा भिजवलेली शेंगदाणा पेंड यांवर सिमेंटच्या लहान टाकीत तो वाढतो. टाकीवर मच्छरदाणी मात्र हवीच, अन्यथा मोइनाबरोबर डासही पिकतील. संवर्धन कधी कधी एका रात्रीत कोसळते, म्हणून दोन-तीन टाक्या वेगवेगळ्या दिवशी सुरू केलेल्या असाव्यात. हे तंत्र अवघड नाही. अंगणातल्या अंगणात, बचत गटातील स्त्रियांना सहज जमणारे आहे. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून 2020 पासून शोभिवंत मत्स्यपालनाच्या घटकांना साहाय्य मिळते. अशा प्रत्येक घटकाच्या आराखड्यात माशांच्या टाक्यांइतकाच आग्रह जिवंत खाद्याच्या टाक्यांचाही धरला गेला पाहिजे, आणि प्रशिक्षणात मोइनाचे शुद्ध बियाणे सोबत दिले गेले पाहिजे. आजवरच्या प्रशिक्षणांत माशांची पैदास शिकवली जाते. पिल्लांच्या दहाव्या दिवशी त्यांना काय खाऊ घालायचे हे बहुधा प्रश्नोत्तरांच्या वेळेवर सोडले जाते.

राहता राहिला नाल्यात उतरणारा माणूस. पहाटे गुडघाभर सांडपाण्यात उभा राहून, उघड्या हातांनी गाळ चाळून ट्युबिफेक्स गोळा करणाऱ्याच्या त्वचेचा आणि आरोग्याचा विचार मत्स्यखाद्याच्या चर्चेत होत नाही. त्याच्यावर बंदी घातली तर तो दुसरे कोणते तरी याहून वाईट काम शोधेल आणि ट्युबिफेक्स चोरून विकले जाईल. त्याच्याजवळ एक दुर्मीळ कसब आहे : जिवंत खाद्य जिवंत ठेवून, धुऊन, बाजारापर्यंत न मरू देता नेण्याचे. गॅलिफ स्ट्रीटसारख्या बाजारांना मोइना पुरवायचा असेल तर नेमके हेच कसब लागेल. संशोधन केंद्रांनी मोइनाच्या पहिल्या टाक्या या लोकांच्या वस्तीत बांधून द्याव्यात, पहिल्या हंगामात त्यांचा माल ठरलेल्या दराने स्वतःच्या माशांसाठी विकत घ्यावा, आणि थाळीशेजारी खाद्य कोठे व केव्हा वाढले हे लिहिलेली एक पाटी ठेवायला सांगावे. सुरुवातीला ही पाटी फक्त मोइनाच्या थाळीशेजारी असेल. ट्युबिफेक्सच्या थाळीशेजारी काय लिहायचे, याचा निर्णय विक्रेत्याने करावा.